वाचलं की पुसलं जातं

महापेला, चौथ्या मजल्यावर, भिंगाखाली
ती ठेवलेली असते: करंगळीच्या नखाएवढी चिप.
बॅटरी भरते, वेळ सांभाळते, पाच तऱ्हेची वीज वाटते,
बटण दाबलं तर कळवते, वर एक पिवळा दिवाही लावते.
एवढी कामं, आणि बोलायला तारा दोनच.
हाक मारायला तर एकच.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या
वजनकाट्यात बसायची आहे ती, दिवाळीआधी.

माझा पहिला ड्रायव्हर एकाच फाइलीत होता,
चार हजार दोनशे ओळी.
सलमा देवळेकरनं वर-खाली सरकवून पाहिला, चहा संपवला,
म्हणाली, "ही धर्मशाळा झाली. घर बांध."

मग घर बांधलं.
थोरला एक: तारा त्याच्या, कुलूप त्याचं,
रजिस्टरांचा नकाशा त्याच्याच खिशात.
त्याच्या हाताखाली घड्याळ, चार्जर, वीज, बटण, दिवा.
ज्यानं त्यानं आपल्यापुरतं बघायचं,
तारेला परस्पर हात लावायचा नाही.
डेटाशीटच्या एकसष्टाव्या पानावर
दोन बिटांसमोर नुसतं: राखीव. बदलू नये.
का, ते कुठंच नाही.
नाही बदलले.

तरी बटण मधूनच ऐकेना.
शंभरदा दाबलं तर एकदा,
तेही चार्जर लावलेला असताना.
नऊ दिवस मी नुसतं बटण दाबत होतो.

राहायला कोपरखैरण्यात, माथाडींच्या चाळीत,
वाढवलेल्या तिसऱ्या मजल्यावर.
भाडेकरू चार, बेल एक.
हौसाबाई शेलार दार उघडते, विचारते, "कुणाकडं?"
आणि जिन्यातून त्या नावाची हाक वर सोडते.
त्या आठवड्यात ती गावी गेली होती.

रात्री दीडला बेल वाजली. मी उतरलो.
एक माणूस, काखेत हेल्मेट.
"ढेबे इथंच ना? फोन लागत नाही त्याचा.
सांगा, घरी फोन कर म्हणावं. लगेच."
ढेबे रबाळ्याला रात्रपाळीला; आत मोबाइल नेऊ देत नाहीत.
"सांगतो," म्हणालो. सांगणारच होतो.
वर आलो, बटणाचाच विचार करत झोपलो,
सकाळी त्याच विचारात निघालो.
जिन्यात तो भेटलाही. चपला काढत होता.
मी मान हलवली.

दुपारी साडेतीनला, पान चौदा,
तळटीप, मुंगीएवढी अक्षरं:
स्थिती-रजिस्टर वाचलं की पुसलं जातं.
म्हणजे चार्जर परस्पर तिथं डोकावत होता,
आपल्यापुरता बिट उचलत होता,
आणि बटणाचा निरोप तिथल्या तिथं विझत होता.

खुर्ची मागं सारली
आणि ते हेल्मेट आठवलं.

फोन केला. "कळलं हो," ढेबे म्हणाला,
"आत्ता मेढ्याच्या एसटीत आहे."
मागं कंडक्टर कुणाला तरी सुटे मागत होता.

दुरुस्ती एकोणीस ओळींची.
स्थिती थोरल्यानंच वाचायची, एकदाच;
वाचलेलं आधी आपल्याजवळ उतरून ठेवायचं,
आणि ज्याचं त्यानं "पोचलं" म्हटल्याशिवाय
खोडायचं नाही.
सलमानं मंजूर केली. मग विचारलं,
"ही शेवटची टिप्पणी कशाला? कोडशी संबंध काय हिचा?"
मी लिहिलं होतं: निरोप घेणाऱ्यानं झोपू नये.
काढून टाकली.

पंधरा-सोळा दिवसांनी बेल.
हौसाबाई परतली होती, ओट्यावर लसूण सोलत होती,
तरी मीच उतरलो.
ढेबे. डोक्यावर जेमतेम फुटलेले केस, हातात तांदळाची पिशवी.
किल्ली असते त्याच्याकडं.
"सापडेना," म्हणाला.
मी पिशवी घेतली.

दुसऱ्या मजल्यापर्यंत दोघंही गप्प.
मला जे म्हणायचं होतं ते दोनदा ओठांवर आलं.
मग तोच म्हणाला,
"तुमच्या त्या काट्याचं झालं का?"